कंत्राटी रोमन

नवऱ्याने शनिवारी सकाळी एक लांबुळकी बॅग घेऊन बाहेर जायला सुरुवात केली, तेव्हा मी काही आठवडे काहीच विचारलं नाही. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये पन्नाशीच्या आसपास पुरुषांना काहीतरी होतंच. कोणी मॅरेथॉनचे बूट आणतो, कोणी मागच्या अंगणात मधमाश्या पाळतो, आणि ज्यांना हे दोन्ही झेपत नाही ते मराठी मंडळाच्या निवडणुकीला उभे राहतात. आपल्याकडे यातलं नेमकं काय आलंय ते कळेपर्यंत गप्प बसायचं, असं मी ठरवलं होतं.

पण वासाचं काय करायचं? तो घरी आला की अंगाला कातडं, तेल आणि व्हिनेगर यांचा मिळून एक वास यायचा. हा जिमचा वास नव्हता. बाईचा तर नव्हताच. एखादी बाई असा वास आपणहून लावून घेत असेल तर ती भानगड माझ्या आवाक्यापलीकडची होती. विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही, व्यायाम करून राहिलो." तो मूळचा नागपूरचा. इतक्या वर्षांत त्याची भाषा बरीचशी धुऊन निघाली आहे, पण काही लपवायचं असलं की नागपूर वर येतं. माझा संशय तिथेच पक्का झाला.

आमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने सकाळचं सीरियल खाता खाता निकाल दिला, "आई, आयदर ही इज हॅविंग ॲन अफेअर, ऑर ही हॅज जॉइन्ड अ कल्ट."

दुसरा अंदाज बराच जवळ गेला होता.

जानेवारीत एका सकाळी बर्फ काढायचं फावडं आणायला गॅरेजमध्ये गेले, तर फावड्याशेजारी भाला उभा होता. भाल्यामागे एक मोठी लंबगोल ढाल, आणि तिच्यावर माझी जुनी चादर पांघरलेली. मी भाला घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेले.

"हे काय आहे?"

"टोक खाली धर आधी," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला नेलं होतं. शिकागोच्या पश्चिमेला राहणारी पंधरा-वीस माणसं मिळून रोमन सैन्याची एक तुकडी चालवत होती. कपडे, हत्यारं, तंबू, चपला, सगळं त्या काळात होतं तसं हाताने बनवायचं, महिन्यातून दोनदा कवायत करायची आणि उन्हाळ्यात लोकांना दाखवायची.

"म्हणजे ते चकाकत्या पट्ट्यांचं चिलखत घालतात ते?" मी विचारलं. मी इथे एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. रोमनांवरची मुलांची पुस्तकं बरीच हाताखालून गेलेली आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तसाच माणूस असतो.

"ते लीजनवाले, म्हणजे मुख्य फौज. ते रोमचे नागरिक. आम्ही ऑक्झिलिया, म्हणजे सहायक पायदळ. आम्ही नागरिक नाही."

"मग कोण?"

"ते पर्मनंट एम्प्लॉयी, आम्ही कंत्राटी. जिंकलेल्या प्रांतात भरती करायची आणि कुठल्यातरी भलत्याच टोकाला क्लायंट साइटवर पाठवायचं. सीरियाचा माणूस ब्रिटनच्या थंडीत. काम तेच, पगार कमी, आणि लढाईत पहिल्या रांगेत आम्ही."

मी हसले. तोही हसला. तो स्वतः एका कन्सल्टिंग कंपनीतर्फे दुसऱ्याच कंपनीत बसून काम करतो. तिथले लोक त्याला केक कापायला बोलावतात, फोटोत घेत नाहीत.

मग तो सहज म्हणाला, "पंचवीस वर्षं नोकरी पूर्ण झाली की नागरिकत्व द्यायचे." आणि मी हसायची थांबले.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज जुना आहे आणि भारतीयांची रांग त्याहून जुनी. मुलीला आम्ही इथे आणलं तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. अर्जात ती आमच्या शेपटासारखी जोडलेली आहे, पण एकवीस वर्षं पूर्ण झाली की हे शेपूट आपोआप गळतं. मग तिने स्वतःचा व्हिसा मिळवायचा, नाहीतर ज्या देशात तिला रिक्षावाल्याशी घासाघीस करता येत नाही तिथे 'परत' जायचं. तोवर आमचा नंबर लागेल असं आमचा वकील म्हणत नाही, आणि वकिलाचा आशा विकण्यावरच तर संसार चालतो. घरात आम्ही हा विषय काढत नसू. तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि जेवणाच्या टेबलावर चर्चा कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये फ्रिज मिळतो का याची चालायची.

त्यामुळे नवऱ्याच्या या छंदाकडे मी सरळ नजरेने बघूच शकले नाही. माणूस छंद म्हणून पतंग उडवतो, पेटी वाजवतो. आपल्याच दुखण्याचा पोशाख शिवून तो अंगात कोण घालतं?

एप्रिलमध्ये मी कवायत बघायला गेले. नवरा मला सगळं खरं सांगणार नाही याची खात्री होती, आणि शिवाय गणवेशात रांगा करून चालायची हौस असलेल्या पुरुषांबद्दल माझं मत कधीच फार बरं नव्हतं. हे मी फक्त गोऱ्यांबद्दल म्हणत नाही. आमच्या मंडळाचं ढोल-ताशा पथक गणपतीत भगवे फेटे आणि काळे गॉगल घालून एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गर्जना करतं, तेव्हाही मी गाडीत काचा वर करून बसते. पण फेटेवाल्यांना मी ओळखते. ते घरी गेल्यावर काय करतात ते मला ठाऊक आहे. हे कोण होते?

कवायत व्हायची त्या फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव जंगलाच्या, पार्किंगमध्ये मी आधी सगळ्यांच्या गाड्यांच्या मागच्या बाजू तपासल्या. झेंडा, बंदूक, कवटी असं काही कडव्या गोऱ्यांचं स्टिकर सापडेल अशी अपेक्षा होती. एकावर मासेमारीचं होतं, एकावर कुठल्याशा प्राथमिक शाळेचं. समाधान झालं नाही. हुशार लोक स्टिकर लावत नाहीत.

त्यांचा सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक, विमा कंपनीतून निवृत्त झालेला एक उंच गृहस्थ होता. लोकांची घरं खरंच जळली की त्यांनी जाळली, हे तपासण्यात त्याचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं होतं. हेल्मेटवर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा लाल तुरा. तो लावून गाडीत बसता येत नसे, म्हणून येता-जाता तुरा शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवलेला असे. त्याच्या तुकडीत कोणतीही गोष्ट पुराव्याशिवाय आत येत नव्हती. बक्कल, टाका, चपलेचा खिळा, काहीही दाखवलं की तो विचारायचा, कुठल्या उत्खननात सापडलं?

मी मोकळ्या हाताने जायला नको म्हणून मसुराची आमटी नेली होती. रोमन सैनिक मसूर खायचे, हे मी मुद्दाम वाचून गेले होते. त्याने झाकण उघडून वास घेतला.

"छान. यात हे लाल काय आहे?"

"टोमॅटो."

"टोमॅटो अमेरिकेतला. आणि हा तिखट वास?"

"मिरची."

"तीही अमेरिकेतली. आमच्या तळावर पोचायला दोघांनाही हजाराहून जास्त वर्षं लागतील."

आमच्याकडे ही आमटी पूर्वापार चालत आलेली म्हणून वाढतात. तिच्यातलं निम्मं सामान परदेशी आहे हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि हा माणूस चक्क अमेरिकेच्या जमिनीवर उभा राहून टोमॅटोला परका ठरवून कुंपणाबाहेर ठेवत होता. शेवटी सगळ्यांनी ती गाड्यांच्या आडोशाला, कागदी वाडग्यांत खाल्ली. सेंच्युरियनने तुरा काढून दोनदा घेतली.

नवऱ्याला बघून मात्र मी थक्क होत होते. घरी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला तीनदा आठवण करावी लागते तो माणूस लॅटिनमधल्या हुकमावर डावीकडे वळत होता. अंगात कड्यांचं जड चिलखत, खाली उघडे, बारीक पाय. हास्यास्पद दिसत होता आणि त्याला ते माहीत होतं असं वाटलं नाही.

मे महिन्यात त्याने जेवताना सांगितलं की, जुलैच्या कार्यक्रमात एका सैनिकाला निवृत्त करायचा प्रसंग दाखवणार आहेत. सेंच्युरियन कांशाचा कोरलेला पत्रा वाचणार आणि सैनिकाला नागरिकत्व देणार. सैनिक कोण, तर हा.

मुलीने ताटातून मान वर केली नाही. "दॅट्स सो वीअर्ड, बाबा," एवढंच म्हणाली.

मला ते नुसतं विचित्र नाही, उघड उघड डाव वाटला. पंधरा जणांत या देशाचा नागरिक नसलेला एकच माणूस, रंगाने सावळा एकच माणूस, आणि तुरेवाला गोरा गृहस्थ लोकांसमोर त्यालाच नागरिकत्व बहाल करणार. लोक टाळ्या वाजवणार, कोणाचे तरी डोळे पाणावणार. वर आमच्या मंडळाची माणसं येऊन व्हिडिओ काढणार आणि ग्रुपवर टाकणार: 'अभिनंदन, निदान रोमचं तरी मिळालं.' नवऱ्याला हे दिसत नसेल तर कोणीतरी दाखवायला हवं होतं.

पुढच्या कवायतीला मी सेंच्युरियनला गाठलं. तो घडीच्या खुर्चीवर बसून तुऱ्याचे केस विंचरत होता. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं.

"या कामासाठी तुम्ही माझ्या नवऱ्यालाच का निवडलंत?"

"का? तो वेळेवर येतो."

"त्याच्याकडे इथलं नागरिकत्व नाही. हा योगायोग आहे?"

त्याने फणी खाली ठेवली. "मॅडम, मी नोकरीभर योगायोगच तपासले. बहुतेक वेळा आग लावलेली असते."

"मग ही कोणी लावली?"

"त्याने. हे काम त्याने मागून घेतलं. मी नको म्हणालो होतो. ते बरं दिसणार नाही, असं मलाही वाटलं होतं. तो म्हणाला, दिसण्याचं मी बघतो."

माझ्या संशयाला माणूस बरोबर सापडला होता, फक्त तो माझ्याच घरात राहत होता.

त्याने ते का मागितलं हे त्याच दुपारी कळलं. पत्रा कोरायचं कामही नवऱ्यानेच घेतलं होतं. कांशाचे दोन पातळ पत्रे, तारेने एकमेकांना बांधलेले, त्यांवर बारीक लॅटिन अक्षरं. त्याने ते सेंच्युरियनपुढे ठेवले. तो ओळीवर बोट ठेवून वाचत गेला आणि मध्येच थांबला.

"ही ओळ इथे कशी?"

"कोणती?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजावरून मला कळलं की कोणती ते त्याला माहीत आहे.

"मुलं आणि त्यांचे वंशज."

सेंच्युरियनने मग मला आणि बाकीच्यांना समजावून सांगितलं. आधीच्या काळात या सैनिकांना नागरिकत्व मिळालं की त्यांच्या मुलांनाही मिळायचं. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला ती सवलत बंद झाली. तेव्हापासूनच्या पत्र्यांवर सैनिकाचं नाव असतं, ज्या बाईबरोबर तो राहतो तिच्याशी लग्नाला मान्यता असते, पण नोकरीत असताना झालेल्या मुलांची ओळ नसते. का बंद झाली यावर विद्वान अजून भांडतात. आमची तुकडी त्यानंतरच्या काळातली. त्यामुळे ती ओळ चुकीची.

"मग काळ मागे नेऊ या," नवरा म्हणाला. "थोडाच. आपल्या ढाली चालतील. भाले चालतील."

"आणि माझं हेल्मेट?" एक पोस्टमन होता, तो म्हणाला. "त्या साली माझं हेल्मेट जन्मलेलंसुद्धा नाही."

"माझंही," आणखी एक जण म्हणाला. "माझी तलवारही नाही."

"एका दिवसापुरतं कोण बघणार आहे?"

या मंडळींत हे वाक्य म्हणजे देवळात बूट घालून जाण्यासारखं होतं. सेंच्युरियनने पत्रा त्याच्या हातात परत दिला, अगदी हळू, आणि म्हणाला, "आपण बघणार आहोत. ओळ काढावी लागेल."

"ठीक आहे," नवरा म्हणाला.

हे 'ठीक आहे' मी लग्नापासून ऐकते आहे. मॅनेजरला, वकिलाला, व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाला तो हेच म्हणतो, आणि त्यावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

रविवारी दुपारी गॅरेजमध्ये तो खरोखरच नवा पत्रा कोरत होता. मी स्टुलावर बसले.

"हे सगळं त्या एका ओळीसाठी होतं ना? भाला, चिलखत, सगळं?"

"नाही. चिलखत आवडलं म्हणून. ओळ नंतर वाचण्यात आली." त्याने कांशाचा चुरा फुंकला. "मग वाटलं, मोठ्यानं वाचतात ना ते, सगळ्यांसमोर. एकदा ऐकून घ्यावं."

"खोटं का होईना?"

"वकील जे सांगून राहिला ते खरं आहे. तेही ऐकतोच ना आपण दर वेळी?"

मला बोलायचं बरंच होतं. पण तो अक्षर कोरत होता आणि चूक झाली असती.

जुलैचा कार्यक्रम एका मोठ्या पार्कच्या हिरवळीवर होता. मंडळाचे अध्यक्ष आले, त्यांची बायको आली, आणि पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक काकू आल्या. त्या खुर्ची उलगडून बसल्या आणि विचारलं, "हे कोणत्या नाटकातलं गं?"

"नाटक नाही काकू, इतिहास आहे."

"मग तो मागे का उभा आहे? पुढचे चकचकीत आहेत ते कोण?"

पुढे दुसऱ्या एका संस्थेचे लीजनवाले होते. सगळे कॅमेरे त्यांच्याकडे. आमची मंडळी मागे, मळक्या रंगाच्या कपड्यांत, लंबगोल ढाली घेऊन घामाने निथळत उभी. लढाईत पहिल्या रांगेत आणि फोटोत मागच्या, हा इतिहास त्यांनी चोख पाळला होता.

मुलगी माझ्या शेजारी गवतावर बसली होती. नवा पत्रा कसा आहे ते तिला मी सांगितलं नव्हतं. तिला विचारायची गरजही नव्हती. ती तुकडीच्या वेबसाइटवर सगळं वाचून आली होती. "दे टुक द किड्स आउट, राइट?" ती पुढे बघत म्हणाली. मी हो म्हटलं.

सेंच्युरियनने पत्रा उघडला आणि खणखणीत आवाजात आधी लॅटिन, मग इंग्रजीत वाचलं. सेवा पूर्ण केलेल्या या सैनिकाला नागरिकत्व देण्यात येत आहे. त्याच्या पत्नीशी त्याच्या विवाहाला मान्यता देण्यात येत आहे. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "यार, मान्यता मिळाली तुम्हाला, पार्टी पाहिजे." विम्याच्या माणसाने इतक्या वर्षांनी माझं लग्न मंजूर केलं याचा मला जो काही आनंद व्हायचा तो झाला. मग वाचन संपलं. पुढे काहीच नव्हतं.

"पुढे ये," सेंच्युरियन म्हणाला.

नवरा हलला नाही.

सेंच्युरियनने पुन्हा हुकूम दिला. नवरा रांगेतूनच, सरळ समोर बघत, इंग्रजीत म्हणाला, "सर, मला नोकरीत राहायची परवानगी द्यावी."

हे कुठल्याच तालमीत नव्हतं. पोस्टमनची मान वळली. सेंच्युरियनचा चेहरा तुऱ्याखाली लाल झाला. ऊन होतंच, पण तेवढ्याने नव्हे. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करणार. त्याने पत्रा मिटला, काखेत धरला आणि कोरडेपणाने म्हणाला, "परवानगी आहे. रांगेत राहा." मग ढाली आपटून पुढची कवायत सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनीही वाजवल्या आणि म्हणाल्या, "चांगलं केलं. हातची नोकरी सोडू नये."

नंतर तंबूंच्या मागे सेंच्युरियन आमच्याकडे आला. "मुदत संपल्यावरही राहिलेले सैनिक सापडतात," तो मला म्हणाला, नवऱ्याला नाही. "त्याला पुरावा आहे. नाहीतर मी आज त्याला काढलंच असतं." तो गेला. हे दयेने म्हणाला की नियमाने, मला कळलं नाही, आणि त्या माणसाबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही.

कड्यांचं चिलखत एकट्याने निघत नाही. कमरेतून वाकायचं, हात डोक्यापुढे लांबवायचे आणि दुसऱ्याने मानेकडून ओढायचं. मी पुढे झाले, पण मुलीने आधीच दोन्ही मुठींत कडी धरली होती.

"यू कुड हॅव जस्ट टेकन इट," ती म्हणाली. "इट्स फेक, बाबा."

"माहीत आहे," चिलखताच्या आतून आवाज आला.

"देन व्हाय?"

"तुला सोडून वाचलं ना त्यानं. पाय नाही उचलला गेला."

हे वाक्य त्याने आधीच ठरवून ठेवलं असेल, असा माझा संशय आहे. तो पत्रा नव्याने कोरत असतानाच ठरवलं असेल, आणि मला सांगितलं नाही.

चिलखत त्याच्या कानांपाशी अडकलं होतं. तिने पाय रोवले, पकड बदलली आणि म्हणाली, "अजून वाक."

तो वाकला. सगळं वजन एकदम घसरून गवतात पडलं.